सहा कोळी का आठ मुंगळे

त्या साली पोळा झाला आणि अमरावतीत प्लेग आला. शाळा बंद झाल्या, माणसं घरांना कुलपं लावून गावाबाहेर झोपड्या टाकून राहू लागली. आम्हाला कुठं हलायची गरज पडली नाही, कारण माझ्या सासऱ्यांची बागच बडनेऱ्याच्या वाटेवर, गावाबाहेर होती. वांगी, कोबी, मेथी, थोडा झेंडू आणि एका अंगाला संत्र्याच्या कलमांचे वाफे. मधोमध विहीर, विहिरीवर मोट, मोटेपलीकडं आमचं कौलारू घर. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, थोरले दीर, जाऊबाई, मी आणि जाऊबाईंची तीन मुलं. शाळा चालू होती तोवर त्यातली मोठी मुलगी तरी सकाळची घराबाहेर असायची. शाळा बंद झाल्यावर तिघंही दिवसभर घरात, आणि घर दिवसभर त्यांच्या ताब्यात.

माझं लग्न नुकतंच झालेलं. नवरा अकोल्याला कापसाच्या एका जिनात कारकून होता. तिथं खोली मिळाली की मला घेऊन जाणार होता, पण खोली काही मिळत नव्हती. माझ्या वडिलांनी मला हट्टानं मराठी सहावीपर्यंत शिकवलं होतं, त्यामुळं लग्नात ‘शिकलेली सून’ म्हणून माझं बरंच कौतुक झालं. पण बागेत शिकलेल्या बाईचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेथीच्या जुड्या बांधताना सहावी पास झाल्याचा काही उपयोग होत नाही. जाऊबाईंच्या मते तर तोटाच होतो. त्यांच्या चार जुड्या होईतो माझी एक व्हायची.

एके दिवशी सासरे बाजारातून आले तर काय, झेंडूच्या वाफ्यात शेळी शिरलेली. शेळीच्या गळ्यात झेंडूचीच माळ, आणि मागं तिघं पोरं वाजतगाजत वरात घेऊन चाललेली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. त्यांनी आधी शेळी सोडवली, मग मला हाक मारली.

“सूनबाई, तुह्या बापानं तुले एवढं शिकवलं, त्याचं काही तरी निघू दे. उद्यापासून या पोट्ट्याइले घेऊन बसत जाय. नाई तं मी याइले मोटेले जुपतो.”

अशी आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थी तीन. मोठी मुलगी आठ वर्षांची, तिला अक्षरं थोडी येत होती. मधला मुलगा सहाचा, त्याला पाटीवर बसून उतारावरून घसरता येत होतं. धाकटी चारेक वर्षांची. ती फक्त बाकीचे दोघं आलेत म्हणून आलेली.

पहिल्या दिवशी मी पाटीवर ‘क’ काढला.

“काकू, हे काहून शिकाचं?” मुलानं विचारलं.

“क कमळातला. मग तुले कमळ लिहिता येईल.”

“कमय कोनं पाह्यलं?”

आमच्या विहिरीत कमळ नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कमळ चित्रातच पाहिलं होतं. आमच्याकडं वऱ्हाडात ‘ळ’ बोलायची पद्धत नाही, त्याचा ‘य’ होतो. केळं म्हणजे केय, शाळा म्हणजे शाया. तेव्हा न पाहिलेलं फूल आणि न बोलायचं अक्षर, एवढ्या भांडवलावर माझी शाळा आठवडाभर चालली. चालली म्हणजे काय, पाट्या फुटल्या. एक पाटी मुलानं विहिरीत टाकून ती बुडते का पाहिलं. ती बुडली.

मग एका दुपारी धाकटीच्या हातून गुळाचा खडा पडला. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की घरात काहीच आवाज नाही. मी घाबरून ओसरीवर गेले. तिघंही पालथी पडून, हनुवट्या जमिनीला टेकवून, गुळाकडं येणारी मुंग्यांची रांग पाहत होती. मी मागं उभी राहिले तरी कुणाला पत्ता नाही. मी काही फार हुशार होते असं नाही. मला त्या शांततेचा लोभ सुटला, इतकंच. ती शांतता आणखी टिकावी म्हणून मी विचारलं, “मुंगीले पाय किती असतात रे?”

“चार,” मुलगा म्हणाला.

“शंभर,” मोठी म्हणाली.

धाकटी म्हणाली, “लय.”

मुंगी काही मोजू देईना. शेवटी एक चांगला काळा मुंगळा धरून मी कंदिलाच्या काचेखाली ठेवला. धरताना तो माझ्या बोटाला असा डसला की मला दुपारभर लाटणं धरता आलं नाही. पण पाय मोजले गेले. सहा. “मंग दोन मुंगयाइचे किती?” हे मी विचारलं नाही. ते मुलानंच विचारलं आणि दुसरा मुंगळा आणायला पळाला.

त्या दिवसापासून आमच्याकडं पाढे पायांचे झाले. दोनाचा पाढा आबाजींचा, म्हणजे मामाजींचा. चाराचा मोटेच्या बैलाचा. सहाचा मुंगळ्याचा, आठाचा कोळ्याचा. कोळी माळ्यावर वाटेल तितके होते. तीन आणि पाच मोठीला शाळेतूनच येत होते, साताचा पाढा मात्र अडला. सात पायांचं जनावर काही केल्या सापडेना. मी म्हटलं, सात राहू द्या, आपण खेकड्याचा दहाचा घेऊ.

मुलगा म्हणाला, “काकू, मले सात पायाचा कोयी बनवता येते.”

“खबरदार!” मी ओरडले. “कुणाचा पाय तोडशील तर शाळा बंद.”

शाळा बंद होऊ नये असं त्या पोराला वाटत होतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं. त्यानं हातातला कोळी सोडून दिला. मात्र त्यानं दोन दिवस अख्खं घर पालथं घातलं आणि गोठ्यातून एक म्हातारा कोळी आणला. त्याचा एक पाय आधीच कुठं तरी गळालेला. “मी नाई तोडला, आबाजीची आन,” असं म्हणत त्यानं तो माझ्यापुढं ठेवला. साताचा पाढा लंगड्या कोळ्याचा झाला.

अक्षरांचंही तसंच झालं. ‘क’वर एक मात्रा दिली की क एका मिशीचा, दोन मात्रा दिल्या की दोन मिशांचा. अनुस्वार म्हणजे डोक्यावर बसलेली माशी. ‘इ’ ही झाडावरून लोंबणारी अळी. आणि ज्या ‘ळ’नं मला रडकुंडीला आणलं होतं, तो मुलानं स्वतःच शोधला. विहिरीजवळच्या ओल्या विटांखाली वाणी असायचे, ते लांबट, असंख्य पायांचे किडे. बोट लावलं की ते गुंडाळून बसतात. त्यानं दोन वाणी शेजारी शेजारी गुंडाळून ठेवले, वर काडी आडवी टाकली आणि म्हणाला, “काकू, हा पाहा तुमचा य!” हुबेहूब ळ होता. फक्त थोड्या वेळानं तो दोन्हीकडून उलगडला आणि भिंतीकडं चालू लागला.

जाऊबाई हे सगळं चुलीपाशी बसून बघत असत. त्यांना मुंगीचीही किळस होती. “शिकलेल्या बाईले घरात आनलं अन् घराचा उकिरडा झाला,” असं त्या भिंतीला सांगत, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी भिंतीच्या वतीनं गप्प बसायची.

पुढं जे झालं त्यात मात्र त्यांची काही चूक नव्हती.

एका सकाळी मुलगा कलमांच्या वाफ्याकडून धावत आला. “काकू, चला! पाखराची शिट चालून राहिली!”

मला वाटलं याला ताप आला. पण खरोखर, संत्र्याच्या पानावर पाखराच्या शिटेसारखं काळंपांढरं काही होतं आणि ते चालत होतं. अळी होती ती. आम्ही रोज पाहू लागलो. आठवड्यात ती हिरवी गुबगुबीत झाली, डोक्यावर खोटे डोळे आले. तिला डिवचलं की डोक्यातून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढायची आणि असा काही वास सोडायची की डोळ्यांत पाणी यावं. मुलांना ती फार आवडली. ही पुढं फुलपाखरू होणार, असं मी वाचलेलं होतं. तेव्हा हिला कुणी मारायचं नाही, असा मी हुकूम काढला. मला वाटत होतं, असतील दोन-चार. मुलांनी मात्र बागेतल्या इथल्या तिथल्या अळ्या गोळा करून, एकीला एकटं वाटू नये म्हणून, त्याच वाफ्यात आणून सोडल्या होत्या.

अशात अंजनगाव सुर्जीचे एक बागवाले कलमं बघायला आले. जाडजूड, भरघोस मिशांचे गृहस्थ. मामाजींनी त्यांना ओसरीवर चहा दिला, आपल्या कलमांची तोंड भरून तारीफ केली आणि वाफ्याकडं नेलं. तिथं आमची शाळा भरलेली होती. धाकटी तळहातावर सगळ्यांत मोठी अळी घेऊन उभी. पाहुणे वाकले, तसा तिनं हात पुढं केला.

“पाहुनेबुवा, वास घ्या,” ती म्हणाली.

एवढीशी पोर काही तरी प्रेमानं देते म्हटल्यावर त्यांनी नाक पुढं केलं. अळीनं शिंगं काढली ती थेट त्यांच्या मिशीत. ते “अरे बाप!” म्हणून मागं सरकले आणि मागच्या पाण्याच्या पाटात बसले. उठून मिशी चोळत त्यांनी वाफ्याकडं पाहिलं, तेव्हा मामाजींनीही पाहिलं. कलमं म्हणजे नुसत्या काड्या उभ्या होत्या.

पाहुणे म्हणाले, “पाहू, पुढच्या खेपेले पाहू.” आणि आपली दमणी, ती हलकी बैलगाडी, जुंपून निघून गेले.

“हे कोनं खाल्लं?” मामाजींनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आमच्या शायेनं,” मोठीनं सरळ सांगून टाकलं.

“माह्या बागेत, माह्या वाफ्यात, माह्या दुश्मनाची शाया!” आता मात्र आवाज चढला. “अन् मास्तरीन कोन? माही सून!” त्यांनी कुंपणाची काठी उपसली आणि अळ्या चिरडायला निघाले. तशी धाकटी भोकाड पसरून वाफ्यात आडवी झाली. तिच्या अंगाखाली राहिलेल्या चार पानांचाही चुरा झाला. मामाजी काठी उगारून उभे राहिले. अळीवर मारावी तर नात मधे. शेवटी काठी फेकून म्हणाले, “दिवस बुडायच्या आत एक बी अयी दिसली नाई पाहिजे. कुठी बी न्या. पन माह्या संत्र्यावर नको.”

मी मान खाली घालून ओसरीवर येऊन बसले. मला वाटलं, संपलं सगळं, आता पुन्हा मेथी. मुलं मात्र दुपारभर टोपली घेऊन राबत होती. दिवस मावळायला मोठी येऊन सांगून गेली, “काकू, झालं. वाफा साफ.” अळ्या कुठं नेल्या हे विचारायचं मला सुचलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी कढी करायला घेतली आणि मागच्या दारी गोडलिंबाची पानं आणायला गेल्या. गोडलिंब म्हणजे कढीपत्ता. ते झाड त्यांनी माहेराहून रोप आणून वाढवलं होतं आणि त्याचं पान त्या शेजारणीलाही मोजून देत. आधी एक किंकाळी ऐकू आली. मग त्या एक डहाळी हातात धरून, अंगापासून लांब ठेवून, आत आल्या. डहाळीवर पान एकही नव्हतं. अळ्या ओळीनं बसल्या होत्या.

“घे,” त्या मला म्हणाल्या. “आता कढीत काय टाकू ते सांग. तुहे विद्यार्थी टाकू?”

मुलांनी अळ्या नेमकं ते झाड हेरून त्यावर सोडल्या होत्या. कोणती पानं खातात, कोणती नाही, याची परीक्षा त्यांनी आधीच घेतलेली होती, असं मोठीनं सांगितलं. कडुनिंब नको, जांभूळ नको, गोडलिंब पसंत. मला ते ऐकून मनातून इतका आनंद झाला की तो लपवायला मी पदर तोंडाला लावला. जाऊबाईंना वाटलं मी रडते आहे, म्हणून त्या जरा नरमल्या. पण कढी पुढं कितीतरी दिवस बिनपानाची होत राहिली, आणि वाढताना त्या न चुकता म्हणत, “पान नाई हो यात. ते शायेनं खाल्लं.”

मग अळ्यांचे कोष झाले आणि एक दिवस त्यांतून फुलपाखरं निघाली. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके. सगळं घर मागच्या दारी जमलं, जाऊबाईसुद्धा. मामाजी बराच वेळ बघत राहिले. “त्याच अया ह्या? भल्ल्या सुंदर दिसून राहिल्या,” म्हणाले. एक फुलपाखरू उडत उडत कलमांच्या वाफ्यात गेलं आणि नव्या पालवीवर एकेका पानाला टेकून पुढं सरकू लागलं.

“काय करून राहिलं ते?” त्यांनी विचारलं.

“अंडे घालून राहिलं, आबाजी,” मुलगा आनंदानं म्हणाला.

“हाकला बे त्याले!” मामाजी डोक्याचं पागोटं फिरवत वाफ्यात धावले. मागं तिघं मुलं, आणि त्यांच्यामागं मी. त्या दिवसापासून शाळेचा पहिला तास वाफ्यात भरू लागला. मोहरीएवढी पिवळी अंडी पानाआडून शोधायची. ज्याला जास्त मिळतील त्यानं बेरीज सांगायची. कलमं पुन्हा पालवली. मग एके दिवशी बाजारातून येताना मामाजींनी नवी पाटी आणली.

थंडी सरता सरता प्लेग ओसरला आणि शाळा उघडल्या. कुणाला कोणत्या वर्गात घालायचं यासाठी मास्तर नव्यानं परीक्षा घेत होते. मामाजी मला म्हणाले, “तू बी चाल. शिकवलं तू, तं बोलनं बी तूच खाजो.” आम्ही दमणीत बसून गेलो. मी पदर सावरून शाळेच्या दाराशी उभी राहिले. मास्तर पुण्याकडचे, बदलून आलेले. शुभ्र धोतर, काळा कोट आणि बोलणं अगदी छापील.

त्यांनी आधी मोठीला बोलावलं. “सांग बाळ, सहा आठे किती?”

तिनं विचार केला. “सहा कोयी का आठ मुंगये, गुर्जी?”

“काय?”

“सहा कोयी म्हनता का आठ मुंगये?”

मास्तरांनी मामाजींकडं पाहिलं. मामाजी म्हणाले, “सांगा ना गुर्जी, कोनचे ते. पोट्टी विचारून राहिली.”

“कोणतेही!” मास्तर म्हणाले.

“मंग दोनी सारखेच. अठ्ठेचाईस.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “सात पंचे?”

“पाच लंगडे कोयी. पस्तीस.”

“लंगडे का?” त्यांच्या तोंडून गेलं. पण उत्तराची वाट न बघता त्यांनी घाईघाईनं मुलाला पुढं घेतलं. फळ्यावर ‘ळ’ काढला. “हे अक्षर कोणतं?”

“दोन वानी,” मुलगा म्हणाला.

“नीट सांग. हा ळ आहे. म्हण, ळ.”

“य.”

“ळ!”

“य!”

मामाजींना राहवेना. ते पुढं झाले आणि नातवाच्या पाठीत हलकेच धपाटा घालून म्हणाले, “अबे, गुर्जी म्हनतेत तसं म्हन ना नीट. य!”

मी दाराशी ओठ चावत उभी. मुलाला वाटलं, मास्तरांना आपलं म्हणणं पटलेलं दिसत नाही. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मास्तरांच्या टेबलावर, हजेरीच्या शेजारी, दोन गुंडाळलेले वाणी ठेवले. “हा पाहा,” तो म्हणाला. मास्तर पाहायला वाकले. तेवढ्यात ळ उलगडला आणि त्यातला एक वाणी मास्तरांच्या बाहीच्या दिशेनं निघाला.

मास्तर खुर्चीवर कसे चढले हे मला दिसलं नाही. मी पाहिलं तेव्हा ते वर उभे होते, धोतर दोन्ही हातांनी धरून. “उचल ते! उचल आधी!” आता छापील बोलणं राहिलं नव्हतं. मुलानं वाणी उचलले, फुंकर घालून खिशात ठेवले. मास्तर खाली उतरायला तयार नव्हते. खुर्चीवरूनच त्यांनी मोठीला तिसरीत घातलं. मुलाला बिगरीत. “आणि खिसे,” ते म्हणाले, “रोज दाराबाहेर तपासले जातील.”

आमची दमणी शाळेच्या वळणाआड गेली. मग मामाजींचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की बैल थांबून मागं बघू लागले. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात त्यांनी ही हकीकत सगळ्यांना सांगितली. पुढच्या आठवड्यात आमच्याकडं मेथी न्यायला आलेल्या एका बाईनं मला विचारलं, मास्तर आढ्याला लोंबकळले होते हे खरं का. ते खरं नाही, असं काही मी म्हणाले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नवऱ्याला अकोल्यात खोली मिळाली. निघायच्या दिवशी जाऊबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली, आणि वर, तोंड दुसरीकडं करून, थोडं लोणचं. मोठी दोघं शाळेत गेली होती आणि धाकटी झोपली होती. त्यामुळं रडारड टळली. मामाजी बडनेऱ्याच्या ठेसनापर्यंत पोचवायला आले. गाडी यायला वेळ होता. ते फलाटावर उकिडवे बसले होते आणि खाली काही तरी बघत होते.

“तुह्या शायेनं मले कामातून घालवलं, सूनबाई,” ते म्हणाले. “पह्यले वांग्यावर किडा दिसला का मी चिरडत होतो. आता पाय मोजत बसतो. अन् माहे मोजून होयेपर्यंत तो सारं वांगं खाऊन जाते.”

मी नमस्कार केला. गाडीचा धूर दिसायला लागला होता. त्यांनी माझी पेटी उचलली आणि पुढं झाले.